कॉर्नेट हॉयलसाहेबांची शिकवणी

साहेब लोकांसारखं बोलणं जेबेझ ट्रँटरला साहेबांपेक्षा चांगलं जमायचं. हॅलोफर्डच्या छावणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त साहेबांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मेसच्या स्वयंपाकघरात मटणाचे पाय उकळत असायचे, आणि कुणीतरी बिअरचा मग पुढे करून म्हणायचं, "जेबेझ, होऊन जाऊ दे." मग तो पापण्या अर्ध्या मिटायचा, नसलेली काचेची चकती एका डोळ्यात बसवायचा, खालचा ओठ सैल सोडायचा आणि नाकातून बोलायचा, "हॉऽऽ… ट्वँटव… जवा ते… काय म्हणतात त्याला… हां, बूट." भांडी घासणाऱ्या बायका पोट धरधरून हसायच्या. त्याची बायको डॉर्कस मात्र हसायची नाही. इस्त्री गरम करता करता ती म्हणायची, "वाघाची नक्कल करतोयस, म्हाताऱ्या. वाघ हसत नसतो."

बाई बोलायची ते खोटं नव्हतं. जेबेझ तरुणपणी याच रिसाल्यात साधा स्वार होता. घोडं अंगावर पडून पाय अधू झाला, तेव्हापासून साहेबांचा नोकर म्हणून राहिला. बूट चमकवायचे, दाढीला पाणी द्यायचं, मिशांना मेण लावायचं, अंगरख्याची सोनेरी दोरी सरळ करायची. अशी वीसेक वर्षं गेली, आणि इतक्या वर्षांत साहेबांच्या अंगरख्याच्या आत काय असतं हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

रिसाल्यातले बहुतेक साहेब उमरावांचे धाकटे मुलगे. थोरल्याला जहागीर आणि धाकट्याला घोडा, असा त्या घराण्यांचा रिवाज. आणि या धाकट्यांनी आपली एक बोली करून ठेवली होती. 'र' हे अक्षर तोंडातून येऊ द्यायचं नाही, त्याच्या जागी 'व' म्हणायचा; 'र'चे कष्ट दुकानदारांनी करावेत. वाक्य सुरू करायचं, पण संपवायचं नाही. कुणाचं नाव लक्षात आहे असं दाखवायचं नाही, आपल्याच तुकडीतल्या माणसाचं तर नाहीच. कशाची घाई नाही, कशाचं कौतुक नाही. मेसला आग लागली असती तरी हे लोक "जवा गवम होतंय बुवा" इतकंच म्हणून खुर्ची मागे सरकवतील, असं जेबेझ म्हणायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काही पाहिलं असं कबूल करायचं नाही. बघतो तो चौकीदार. साहेब फक्त असतो.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण ज्याला ते येत नसे त्याला विचारा, त्यात किती गंमत होती ती. मागच्याच वर्षी एका डॉक्टरचा मुलगा कॉर्नेट होऊन आला होता. कॉर्नेट म्हणजे साहेबांतली शेवटची पायरी, आणि तीसुद्धा तेव्हा पैसे मोजून विकत घ्यायची. पोरगा हौशी. घोड्यांना ओट्स किती घालतात, नाल किती दिवसांनी बदलतात, सगळं जेवणाच्या टेबलावर विचारायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्या बिछान्यात पाणी ओतलं गेलं. मग झोपेत त्याची अर्धी मिशी गेली. मग एका सकाळी त्याच्या लाडक्या घोडीची शेपटी मुळापासून कापलेली सापडली. पोरगा नोकरी विकून घरी गेला आणि महिन्याभरात त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. ती बातमी मेसमध्ये कुणीतरी वाचून दाखवली, तेव्हा जेबेझ टेबलामागेच उभा होता. कॅप्टन ॲशकोमसाहेबांनी जांभई दिली आणि क्लॅरेट दारूची सुरई शेजाऱ्याकडे सरकवली. ॲशकोमसाहेब हे एका अर्लचे, म्हणजे बड्या उमरावाचे चिरंजीव, मेसचे अनभिषिक्त राजे. त्यांना जांभई आली की कुणाचं तरी वाईट होणार, असं नोकरांमध्ये बोललं जायचं.

त्या रिकाम्या जागेवर एडविन हॉयल आला. बाप उत्तरेकडच्या सूतगिरणीचा मालक. गिरणीच्या धुरातून वर आलेला पैसा पोराच्या अंगावर सोन्याच्या दोरीने शिवून बापाने त्याला पाठवला होता. पहिल्याच दिवशी पोरगा जेबेझचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचं नाव काय? हितं मला कोन ओळखत न्हाई बगा. जरा सांभाळून घ्या."

हा महिनाभरही टिकायचा नाही, हे जेबेझला दिसलं. आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी दिसलं, ते मात्र त्याने डॉर्कसला रात्रीच्या जेवणापर्यंत सांगितलं नाही.

जेबेझचा एकुलता एक मुलगा रूबेन याच तुकडीत स्वार होता. डोक्याने गरम, छातीने नाजूक. थंडीत असा खोकायचा की बराकीतले लोक शिव्या द्यायचे. त्याच्यावर कॉर्पोरल पाइकचा डोळा होता. पाइकला एकदा तो सगळ्यांसमोर उलट बोलला होता, आणि तेव्हापासून घाण उपसायची पाळी रोज रूबेनचीच. आज ना उद्या पोराचा हात उठेल, आणि वरच्या अधिकाऱ्यावर हात उठवला तर आसूड, हे जेबेझला लख्ख दिसत होतं. त्याने तरुणपणी ते पाहिलं होतं. नालबंद आसूड चालवतात, त्यांच्या दंडांत घण उचलायची ताकद असते. रूबेनच्या छातीने ते सोसलं नसतं.

"साहेबाला आपल्या घोड्यांसाठी तुकडीतला एक माणूस मागून घेता येतो," जेबेझ त्या रात्री पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत म्हणाला. "एकदा का रूबेन हॉयलसाहेबांचा मोतद्दार झाला, की पाइकचा त्याच्याशी संबंध संपला."

"मग जा आणि माग."

"नवख्या कॉर्नेटचं कोण ऐकतो? तो मेसमध्ये टिकला पाहिजे. त्यांच्यातला झाला पाहिजे. ॲशकोमसाहेबांच्या बरोबरीने बसला, की त्याच्या शब्दाला वजन येईल. मी त्याला शिकवतो."

"काय शिकवतोस?"

"बोलायला."

डॉर्कसने चमचा खाली ठेवला. "चांगलं बोलतंय ते पोर. आल्या आल्या मला काकू म्हणाला. त्याच्या तोंडात तू काय कोंबायला निघालास?"

"आपल्या पोराची पाठ वाचवायला निघालोय," जेबेझ म्हणाला, आणि तिथे बोलणं संपलं.

शिकवणी दुसऱ्या सकाळपासून सुरू झाली, दाढी करता करता. वस्तरा गळ्याशी असला की माणूस मुकाट्याने ऐकतो.

"म्हणा साहेब. जरा गार पाणी आण."

"जरा गार पानी आन."

"र नको. आणि इतकं मनापासून नको. तुम्हाला पाणी हवंय, असं कशाला वाटायला हवं कुणाला?"

"पन मला तहान लागलीया."

"साहेबाला तहान लागत नाही. साहेबाला कंटाळा येतो. म्हणा, जवा… गाव… आणि सोडून द्या."

पोरगं खो खो हसलं, वस्तरा थोडक्यात चुकला. पण हळूहळू जमायला लागलं. पापण्या कुठे थांबवायच्या ते जमलं. काचेची चकती न पडता हसायचं कसं, म्हणजे हसायचंच नाही कसं, ते जमलं. कुणी काही विचारलं की आधी 'हॉऽ' म्हणून वेळ काढायचा, तोवर समोरचाच उत्तर देतो, हेही कळलं. सगळ्यात अवघड गेलं ते न बघणं. तबेल्यातून जाताना एखाद्या स्वाराचा हात कापलेला दिसला की हॉयल थांबायचा. "अरं, पट्टी बांद की त्याला." जेबेझ मागून खाकरायचा. चार वेळा खाकरल्यावर पाचव्यांदा पोरगा थांबला नाही.

नाताळ येईपर्यंत मेसमध्ये हॉयलची खुर्ची ॲशकोमसाहेबांच्या डावीकडे गेली होती. त्याच्या बिछान्यात पाणी पडलं नाही, घोडीची शेपटी शाबूत राहिली. "गिवणीवाला बवा आहे," असं ॲशकोमसाहेब म्हणाले, आणि त्या मेसमध्ये याहून मोठी पदवी नव्हती. जेबेझला अभिमान वाटला. का वाटू नये? दगडातून मूर्ती काढली होती त्याने.

फक्त मोतद्दाराचं काम होत नव्हतं. जेबेझने आठवण केली की हॉयल म्हणायचा, "व्हय व्हय, बोलतो." पुढे तो म्हणायला लागला, "होय, बघू." आणि नाताळनंतर एकदा, खोलीत दोघंच असताना, त्याने आरशात बघत म्हटलं, "हॉऽ… त्या… तुझ्या मुलाचं… बघू, ट्वँटव." जेबेझला वाटलं, साहेब थट्टा करतायत. त्याने हसून आरशात पाहिलं. आरशातलं तोंड हसत नव्हतं.

डॉर्कसला हे त्याने सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्याला झोप लागली नाही, कारण रूबेनच्या गालावर वळ होता आणि रूबेन म्हणत होता की दार लागलं.

जानेवारीत, घोड्यांच्या संध्याकाळच्या खराऱ्याच्या वेळी, तबेल्यात ते झालं. पाइकने रूबेनला घाण नीट उपसली नाही म्हणून लीद उपसायच्या काट्याचा दांडा पोटात हाणला. रूबेन वाकला, खोकला, पाइकने पुन्हा दांडा उगारला. तेव्हा रूबेनने त्याला दोन्ही हातांनी ढकलला. पाइक घसरून फिरला, दगडी पन्हाळीवर तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे दात गेले. तबेल्यात दुसरं कुणी नव्हतं. पण दाराशी, घोडीचा लंगडा पाय बघायला आलेला हॉयल उभा होता. त्याने पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. रूबेनने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने रूबेनकडे. मग तो निघून गेला.

पहारेकऱ्यांनी रूबेनला कोठडीत घातलं. गजांमधून त्याने बापाला इतकंच सांगितलं, "घाबरू नकोस बाबा. साहेबांनी बघितलंय सगळं. आधी त्याने मारलं, ते बघितलंय त्यांनी."

जेबेझ लंगडत धावला. हॉयल जेवणासाठी कपडे करत होता. जेबेझने दार लावून घेतलं आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, गुडघ्यावर बसला.

"उठा, उठा!" हॉयल घाबरून म्हणाला. चकती डोळ्यातून पडली, आणि पोरगा एकदम पहिल्या दिवसाचा झाला. "मी बगितलंय की. त्यानंच आदी हानलं. वर पुन्ना दांडा उगारला. मी सांगीन सगळं. आईच्यान सांगीन."

जेबेझला रडू आलं. त्याने साहेबांचे हात धरले. मग हॉयल विचारात पडला. खाली बसला, नखं कुरतडायला लागला.

"पन कसं सांगू वो? कोर्टात ॲशकोम बसनार. मी असं बोलाय लागलो की हसतील. गिरनीवाला तबेल्यात जाऊन मारामारी बगत हुता, म्हनतील."

इथे जेबेझने काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला-मला कळतं. हसू देत, असं म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं तो एका बोलीचा मास्तर होता, आणि मास्तरला आपल्या विद्येशिवाय दुसरं काही सुचत नाही. कळवळून बोलणाऱ्या माणसावर त्या मेसमध्ये कुणी विश्वास ठेवताना त्याने पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "त्यांच्यासारखंच सांगा, साहेब. सावकाश. फारसं काही वाटत नाही असं. तरच ते मानतील. कळवळलात, तर म्हणतील नोकराने फितवला."

"तसं सांगू?"

"तसंच सांगा."

आणि त्याने चकती उचलून, रुमालाने पुसून, साहेबांच्या डोळ्यात बसवून दिली.

कोर्ट बसलं ते मेसच्याच टेबलावर. वर हिरवं कापड घातलं होतं, चुलाण्यात धूर कोंडत होता म्हणून दार किलकिलं ठेवलं होतं. जेबेझ बाहेर साहेबांचा झगा हातावर घेऊन उभा होता. फटीतून त्याला रूबेनची पाठ दिसत होती. एक पहारेकरी डावीकडे, एक उजवीकडे. पाइकचं आपलं दात गेलेलं तोंड दाखवून झालं होतं.

"मिस्टव हॉयल," ॲशकोमसाहेबांचा आवाज आला, "तुम्ही… हॉ… तिकडे होता म्हणे. त्या वेळी."

"हॉऽ… होतो खवा. घोडीचा पाय…"

"आणि मग… हे जे काय…"

"काहीतवी झालं खवं. म्हणजे… कॉव्पोवल जवा…"

जेबेझ फटीजवळ सरकला. बरोबर चाललं होतं. सावकाश, बेफिकीर, जसं शिकवलं तसं. आता एकच वाक्य. दांडा आधी त्याने मारला. एवढंच.

तेवढ्यात दुसरा एक साहेब हळूच हसला. "हॉयल, तुम्ही काय… उभं वाहून बघत होता? लिदीतल्या मावामाव्या?"

टेबलाभोवती हसू फिरलं, मोठं नव्हे, त्या लोकांत मोठं हसतच नाहीत. रूबेनने मान वळवून हॉयलकडे पाहिलं. जेबेझला फटीतून पोराचा अर्धा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर शंका नव्हती.

हॉयलला उत्तर द्यायचं होतं. पण ज्या बोलीत तो उभा होता, तिच्यात 'हो, मी बघत होतो' हे वाक्यच नव्हतं. ते म्हणायला त्याला त्या बोलीतून बाहेर यावं लागलं असतं, सगळ्यांच्या देखत, गिरणीच्या पोराच्या तोंडाने. त्याच्या पापण्या खाली आल्या.

"छे… बघतं कोण," हॉयल म्हणाला. "फाव कंटाळवाणं बुवा. आणि हे स्वाव… हॉ… सगळे सावखेच दिसतात."

ॲशकोमसाहेबांनी जांभई दिली.

एक 'र' निसटला नाही. आवाज कुठे कापला नाही. इतक्या सफाईने हॉयल त्याआधी कधी बोलला नव्हता. आणि सांगायला लाज वाटते, पण झगा धरून उभ्या असलेल्या त्या बापाच्या मनात सगळ्यात आधी हेच आलं, की जमलं पोराला. त्याच्या पाठोपाठ अर्थ आला.

पन्नास फटक्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या सकाळी घोड्यांच्या शिकवणीच्या मोठ्या दालनात सगळा रिसाला चौकोनात उभा केला. साहेब लोकांना हजर राहावंच लागतं. रूबेनला शिडीला बांधला. नालबंद पाळीपाळीने आले, आणि मोजणाऱ्याचा आवाज तेवढा छपराखाली घुमत राहिला. रूबेन ओरडला नाही, फक्त मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली, तेव्हा नालबंद थांबला आणि उबळ संपल्यावर पुन्हा सुरू झाला. हॉयल आपल्या जागी ताठ उभा होता, पापण्या अर्ध्या मिटून. बघणाऱ्याला वाटलं असतं, त्याला झोप येतेय.

संध्याकाळी जेबेझ नेहमीसारखा बूट घेऊन गेला. न जाऊन करतो काय? हॉयल पलंगावर तोंड खुपसून पडला होता. "जेबेझ," तो हुंदके देत म्हणाला, "मी सांगनार हुतो. तोंडातच आलं न्हाई वो. तोंडात ते आलंच न्हाई." जेबेझ बूट हातात धरून उभा राहिला. व्हरांड्यात टाचांच्या लोखंडाचा आवाज झाला, ॲशकोमसाहेबांनी बाहेरून हाक मारली. हॉयल उठला. तोंड धुतलं, मिशी नीट केली. "हॉऽ… आलोच बुवा," म्हणून निघून गेला. जाताना त्याने जेबेझकडे पाहिलं नाही.

रूबेन छावणीच्या इस्पितळात पालथा पडला होता. पाठीला ओल्या फडक्यांच्या घड्या, अंगात ताप. डॉर्कस उशाशी बसून त्याच्या तोंडात चमच्याने दूध घालत होती, ते बाहेर येत होतं. जेबेझ आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि चमचा पुन्हा दुधात बुडवला.

"बाबा," रूबेन म्हणाला, "साहेब घाबरले का रे?"

'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोराला तेवढं पुरलं असतं. पण डॉर्कस बघत होती, आणि जेबेझला त्या दिवशी एकही खोटं झेपणार नव्हतं.

"मीच त्यांना सांगितलं," तो म्हणाला. "ते साधं सांगणार होते. मी म्हटलं, त्यांच्यासारखं बोला. तरच ऐकतील म्हणून."

रूबेनच्या प्रत्येक श्वासाला पाठीवरचं फडकं हलत होतं.

"माझ्यासाठीसुद्धा तसंच बोलायला सांगितलंस?"

रूबेनने मान फिरवून तोंड भिंतीकडे केलं. ताप उतरला नाही, छातीत उतरला. रविवारी सकाळी चर्चची घंटा चालू असताना तो गेला, आणि तोवर त्याने बापाकडे पुन्हा तोंड केलं नाही.